चिखलदऱ्याची दवंडी

श्रावणांतला एखादा शनिवार घ्यावा. परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चढणाऱ्या घाटांत सकाळचें धुकें अद्याप विरलेलें नसतें. सागाच्या रुंद पानांवरून पाणी टपटपत असतें. आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत मोटारींची एकच रांग लागलेली असते. एका वळणावर एक तरुण मोटारींतून उतरतो, दरीकडे पाठ करतो, हातांतला मोबाईल उंच धरून आपलें व मागच्या धबधब्याचें चित्र टिपतो, आणि पुन्हां मोटारींत जाऊन बसतो. या सर्व क्रियेला दोन मिनिटेंही लागत नाहींत. परंतु तो संध्याकाळीं घरीं परतण्यापूर्वींच तें चित्र अमरावती, अकोला, नागपूर व पुणें येथील शेंकडों घरांत पोंचलेलें असतें, आणि त्यांतील पांचपंचवीस घरांत पुढच्या शनिवारचा बेत ठरूं लागलेला असतो. त्या तरुणानें कोणाची जाहिरात करण्याचें मनांत आणलें नव्हतें. त्याला कोणी पैसाही दिला नव्हता. तरीसुद्धां त्यानें दवंडी पिटली, आणि ती जुन्या काळच्या कोणत्याही दवंडीवाल्याच्या आवाजापेक्षां दूर ऐकूं गेली.

या दवंडीचा डोंगराशीं, डोंगरावरच्या पाण्याशीं आणि तेथें पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांशीं काय संबंध पोंचतो, हें पाहण्याजोगें आहे. जगांतील अनेक विद्यापीठांतून या प्रश्नाचा अभ्यास कित्येक वर्षें चालला आहे. एका बाजूला टिकाऊ पर्यटनाचें शास्त्र आणि दुसऱ्या बाजूला इंटरनेटवरून होणाऱ्या प्रवासी जाहिरातीचें शास्त्र, अशा या दोन शाखा प्रथम निरनिराळ्या वाढल्या. आतां त्या एकमेकींना येऊन मिळाल्या आहेत. त्यांतील मोठमोठ्या शब्दांना न भितां त्यांचा अर्थ आपल्या वऱ्हाडांतल्या एकुलत्या एका थंड हवेच्या ठिकाणाला लावून पाहिला, तर तो कोणाही गृहस्थाला सहज उमगेल.

चिखलदऱ्याची कीर्ति कांहीं आजची नव्हे. भीमानें कीचकाचा वध करून त्याला ज्या दरींत टाकलें तो कीचकदरा, आणि त्याचाच पुढें चिखलदरा झाला, ही कथा वऱ्हाडांत लहान मुलालाही ठाऊक असते. भीमकुंड आणि वैराट हीं नांवें त्याच कथेंतलीं. कथा ही या डोंगराची पहिली दवंडी. दुसरी इतिहासाची. बहामनी सुलतान अहमदशहा यानें १४२५ च्या सुमारास बांधविलेला गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजीं इंग्रजांच्या हातीं पडला, आणि दोनच दिवसांनीं देवगांवच्या तहावर नागपूरकर भोसल्यांना सही करावी लागली. तेव्हांपासून गाविलगडाचें नांव विलायतेच्या युद्धवर्णनांतही गेलें. तिसरी दवंडी गोऱ्या अंमलदारांची. १८२३ सालीं हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सन यानें ही जागा पाहिली असें सांगतात. त्यानंतर येथें बंगले झाले, कॉफीचीं रोपें लागलीं, आणि उन्हाळ्यांत वऱ्हाडचे साहेब वर येऊं लागले. सुमारें अकराशें मीटर उंचीवरची ती थंडी त्यांना मायदेशाची आठवण देत असावी.

यानंतरची दवंडी मात्र आपल्याच घरांतली होती. मामा जाऊन आले, शेजारचे वकील जाऊन आले, शाळेची सहल जाऊन आली. त्यांनीं सांगितलें तेवढें आपल्याला कळलें. मामांनीं धबधबा सांगितला, तसा पाण्याचा तुटवडाही सांगितला. खव्याची गोडी सांगितली, तशी घाटांतली मळमळही सांगितली. सांगणारा ओळखीचा होता, म्हणून त्याचें किती घ्यावयाचें आणि किती सोडावयाचें तें ऐकणाऱ्याला माहीत असे. विद्वानांनीं या प्रकाराला तोंडोतोंडीची प्रसिद्धि म्हटलें आहे, आणि प्रवासाच्या धंद्यांत तिच्याइतकी प्रभावी दुसरी जाहिरात नाहीं असा त्यांचा जुना सिद्धान्त आहे. कारण प्रवास ही दुकानांतल्या कापडाप्रमाणें हात लावून पाहतां येणारी वस्तु नव्हे. पैसे आधीं द्यावयाचे आणि माल मागून पाहावयाचा, असा तो व्यवहार; तेथें परक्याच्या शब्दावरच विसंबावें लागतें.

२००८ सालीं लिटविन, गोल्डस्मिथ व पॅन या तिघां अभ्यासकांनीं असें दाखवून दिलें कीं इंटरनेटमुळें ही तोंडोतोंडीची प्रसिद्धि नाहींशी झालेली नसून तिनें नवें रूप घेतलें आहे. आतां सांगणारा मामा नसून एक अनोळखी माणूस असतो. त्याचें सांगणें एका कानांत न जातां लाखोंच्या डोळ्यांपुढें येतें. आणि तें हवेंत विरून न जातां वर्षानुवर्षें तेथेंच राहतें. हॉटेलाला पांचांपैकीं किती तारे मिळाले हें पाहून खोली ठरविणारा गृहस्थ नकळत शंभर अनोळखी मामांचा सल्ला घेत असतो.

परंतु हे मामा खरे कीं खोटे? या प्रश्नाचा शोध मेझलिन, डोव्हर व शेव्हॅलियर या संशोधकांनीं मोठ्या चातुर्यानें घेतला. त्यांचा निबंध २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं एकाच हॉटेलाविषयींचे अभिप्राय दोन संकेतस्थळांवरून घेऊन ताडून पाहिले. एका ठिकाणीं ज्यानें खरोखर खोली घेऊन पैसे भरले त्यालाच अभिप्राय लिहितां येई. दुसऱ्या ठिकाणीं कोणालाही लिहितां येई. जर सर्वच लिहिणारे प्रामाणिक असते, तर शेजारीं प्रतिस्पर्धी असो वा नसो, दोन्ही ठिकाणच्या मतांतला फरक सारखाच राहता. पण ज्या हॉटेलाच्या शेजारीं दुसरें हॉटेल होतें, त्याच्याविषयींचीं वाईट मतें बिनपैशाच्या ठिकाणीं अधिक निघालीं. आणि तें शेजारचें हॉटेल एकट्या लहान मालकाचें असलें, कीं तीं आणखी वाढत. निष्कर्ष उघड आहे. शेजाऱ्याच्या विहिरींत घाण टाकण्याची जुनी खोड नव्या साधनानें थांबली नाहीं. तिला फक्त रात्रीच्या अंधाराची गरज उरली नाहीं. आपल्या देशांतही ही अडचण ओळखून भारतीय मानक ब्यूरोनें नोव्हेंबर २०२२ मध्यें ऑनलाइन अभिप्रायांसाठीं एक मानक ठरवून दिलें आहे. मात्र तें पाळणें प्रथम ऐच्छिकच ठेविलें गेलें.

खोट्या स्तुतीपेक्षांही एक दोष मोठा आहे, आणि तो खऱ्या स्तुतींतच दडलेला आहे. चित्र खोटें नसतें. तें अपुरें असतें. त्या तरुणाच्या चित्रांत धबधबा येतो, मागची दोन मैलांची रांग येत नाहीं. भीमकुंड येतें, कुंडाजवळ पडलेल्या बाटल्या येत नाहींत. हिरवागार श्रावण येतो, वैशाखांतले कोरडे नाले येत नाहींत. जाहिरात लिहिणाराही तेंच करतो. त्यामुळें येणाऱ्या पाहुण्याला डोंगराची एकच बाजू ठाऊक असते, आणि ज्याला दुसरी बाजू ठाऊक नाहीं त्याला तिची काळजी कोठून वाटावी?

या ठिकाणीं टिकाऊ पर्यटनाचें शास्त्र पुढें येतें. १९८७ सालीं नॉर्वेच्या ब्रुंटलँड बाईंच्या अध्यक्षतेखालील आयोगानें संयुक्त राष्ट्रांपुढें जो अहवाल मांडला, त्यांत टिकाऊ विकासाची व्याख्या आहे: आजच्या माणसांच्या गरजा भागवाव्यात, पण पुढच्या पिढीला आपल्या गरजा भागवितां येणार नाहींत इतकें ओरबाडून नव्हे. घरगुती भाषेंत सांगावयाचें तर बियाण्याचें पोतें फोडून पुरणपोळी करूं नये. पर्यटनाला हाच नियम लावला म्हणजे टिकाऊ पर्यटन होतें. पाहुण्याला समाधान, यजमानाला उत्पन्न, आणि ज्या रानासाठीं पाहुणा आला त्या रानाला आयुष्य, या तिन्ही गोष्टी एकत्र साधल्या पाहिजेत. दोन साधून तिसरी बुडाली तर कालांतरानें तिन्ही बुडतात.

तिन्ही कशा बुडतात, याचा क्रम रिचर्ड बटलर या भूगोलाच्या अभ्यासकानें १९८० सालींच मांडून ठेविला होता. प्रथम थोडे हौशी प्रवासी एखादी जागा शोधतात. मग गांवचे लोक त्यांची सोय करूं लागतात. पुढें बाहेरचें भांडवल येतें, जाहिरात होते, हॉटेलें उठतात. त्यानंतर वाढ मंदावते आणि गांव पूर्णपणें पाहुण्यांवर अवलंबून राहतें. शेवटीं गर्दीनेंच जागेचें सौंदर्य मारलें जातें, प्रतिष्ठित पाहुणा दुसरीकडे वळतो, आणि मागें रिकाम्या खोल्या व बिघडलेला डोंगर उरतो. किंवा वेळींच शहाणपण सुचल्यास नवा जन्म मिळतो. एके काळीं या सगळ्या पायऱ्या चढावयास दोनतीन पिढ्या लागत. इंटरनेटनें जो मुख्य फरक केला आहे तो हाच, कीं तोच जिना आतां थोड्या वर्षांत चढून जातां येतो. तयारी करावयास गांवाला सवडच मिळत नाहीं.

चिखलदरा या जिन्याच्या कोणत्या पायरीवर आहे? जनगणनेंत सुमारें पांच हजार वस्तीचें हें गांव. त्याच्या विकासाचें काम सिडकोकडे सोंपविण्यांत आलें. गोराघाट आणि हरिकेन पॉइंट यांच्यामध्यें दरीवर सुमारें चारशें मीटर लांबीचा काचेचा अधांतरी मार्ग बांधण्याचें काम निघालें, आणि वन्यजीवांविषयींच्या परवानगीसाठीं तें मध्यंतरीं अडलेंही. १६ एप्रिल २०२५ रोजीं अमरावतीला मुंबईहून विमान येऊं लागलें. म्हणजे बाहेरचें भांडवल आणि बाहेरची वाट, दोन्ही दारांत येऊन उभीं आहेत. मात्र डोंगर अजून बिघडलेला नाहीं. ज्यांना वांचवावयाचें आहे त्यांना एवढी वेळ पुरेशी आहे, पण ती फुकट घालविण्याइतकी नाहीं.

कारण हा डोंगर म्हणजे नुसता देखावा नव्हे. त्याच्या भोंवतीं मेळघाटाचें जंगल पसरलें आहे. १९७३-७४ सालीं देशांत जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प जाहीर झाले, त्यांत मेळघाट होता. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या पांच नद्या याच रानांतून तापीला मिळतात. सिपना हा कोरकू शब्द. त्या भाषेंत सागाला सिपना म्हणतात. याच रानांत रानपिंगळा नांवाचें एक लहान घुबड राहतें. १८७३ सालीं ह्यूमनें त्याचें शास्त्रीय वर्णन केलें, १८८४ नंतर तें कोणाला दिसलें नाहीं, तें जगांतून नष्ट झालें असें पक्षिशास्त्रज्ञ धरून चालले, आणि १९९७ सालीं तें खानदेशांतल्या जंगलांत पुन्हां सांपडलें. पुढें मेळघाट हें त्याच्या मुख्य आश्रयस्थानांपैकीं एक ठरलें. एकशेंतेरा वर्षें माणसाच्या दृष्टीआड राहून जो पक्षी वांचला, तो हॉर्नच्या आवाजांत आणि रात्रीच्या दिव्यांत किती दिवस वांचेल, हा प्रश्न कोणत्याही जाहिरातींत विचारलेला आढळत नाहीं.

माणसांचा प्रश्न याहून जवळचा आहे. मेळघाटांतील बहुसंख्य वस्ती कोरकूंची. त्यांची भाषा मराठीशीं किंवा हिंदीशीं नातें सांगणारी नसून मुंडा कुळांतली, आणि त्या कुळांतली सर्वांत पश्चिमेकडची. त्यांच्या जोडीला गवळी. पावसाळ्यांत येथें धो धो पाऊस पडतो, परंतु काळ्या कातळावरून तो धांवत खालीं जातो. आणि उन्हाळा तापला कीं त्याच मेळघाटांतील कांहीं गांवांना टँकरच्या पाण्याची वाट पाहावी लागते. शेतीचें काम संपलें म्हणजे कोरकू कुटुंबें बिऱ्हाड बांधून सपाटीवर मजुरीस उतरतात. ज्या सुमारास आपण सहलीला वर जातों, त्याच सुमारास कित्येक कोरकू पोटासाठीं खालीं आलेले असतात. घाटांत या दोन्ही गाड्या एकमेकींच्या शेजारून जातात.

मग पर्यटनानें त्यांना घरीं थांबवितां येणार नाहीं काय? येईल, पण त्यासाठीं पैशाची वाट नीट पाहिली पाहिजे. एक साधें गणित करून पाहावें. समजा, एका कुटुंबानें एका रात्रीच्या सहलीसाठीं दहा हजार रुपये खर्च केले. त्यांपैकीं तीन हजार पेट्रोलचे. ते डोंगरावर चढलेच नाहींत. चार हजार खोलीचे. त्यांतले सातआठशें रुपये खोली ठरवून देणाऱ्या ऑनलाइन दलालाकडे परस्पर गेले, आणि मालक शहरांतला असेल तर उरलेल्यांचा मोठा वांटा त्याच्यामागें शहरांत गेला. दोन हजार जेवणाचे. त्यांतला किराणा आणि भाजी सपाटीवरून आली. राहिले एक हजार. ते जीपवाल्याला, कणसें भाजणाऱ्या बाईला, मोथ्याच्या गवळ्याच्या खव्याला आणि तेथें अलीकडे पिकूं लागलेल्या स्ट्रॉबेरीला मिळाले. नोकराचा पगार त्यांत मिळविला तरी दहा हजारांतले दीडदोन हजारच डोंगरावर राहिले. अर्थशास्त्रज्ञ याला गळती म्हणतात. घागर भरलेली दिसते, पण बुडाला भोंक असतें. उलट कचरा, सांडपाणी आणि धूर मात्र दहाच्या दहा हजारांचा वरच राहतो.

तेव्हां गर्दी वाढली म्हणजे गांवाचें भलें झालें, हें समीकरण चुकीचें आहे. आणि सगळे दरवाजे बंद करावेत, हेंही चुकीचें आहे. कारण मग कणसें भाजणाऱ्या त्या बाईलाही बिऱ्हाड बांधून खालीं उतरावें लागेल. खरा प्रश्न किती आणि कसे, एवढाच आहे.

किती, याचें उत्तर देणारी एक रीत सिफुएंतेस या अभ्यासकानें १९९२ सालीं बसविली. समजा, एखाद्या कड्यावर एका वेळीं पन्नास माणसें निर्धोकपणें उभीं राहूं शकतात. प्रत्येक जण अर्धा तास थांबतो आणि जागा आठ तास उघडी असते. म्हणजे सोळा पाळ्या, एकूण आठशें माणसें. ही झाली जागेची शक्ति. आतां पाऊस, निसरडें, धुकें, जनावरांची वहिवाट यांसाठीं चौथाई वजा करावी, सहाशें उरले. पुढें आपला पहारा, शौचालयें आणि झाडलोट जरूर तेवढ्याच्या निम्मीच असली, तर आणखी निम्मे वजा करावेत, तीनशें उरले. चवथ्या इयत्तेंतल्या मुलालाही सुटेल असें हें गणित आहे, पण तें मांडल्यावांचून आठशेंही पुरत नाहींत असें वाटत राहतें. २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यांतील पर्यटन कांहीं महिने थांबविलें होतें. त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्रसंवर्धन प्राधिकरणानें जे नियम केले, त्यांत गाभ्याच्या वीस टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनासाठीं वापरूं नये आणि वाहनांची संख्या हिशेबानें ठरवावी, असें सांगितलें. जंगलाच्या दरवाजाच्या आंत हा हिशेब आहे. दरवाजाबाहेर, जेथें शनिवारची रांग लागते, तेथें तो अद्याप व्हावयाचा आहे.

जी दवंडी गर्दी जमविते, तिलाच गर्दी आंवरण्याच्या कामीं लावतां येतें, हें आपल्याच देशांतील कांहीं ठिकाणांनीं दाखविलें आहे. २०१२ सालीं जागतिक वारशांत गणल्या गेलेल्या पश्चिम घाटांत साताऱ्याजवळचें कासचें पठार आहे. फुलांच्या दिवसांत तेथें दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आणि इंटरनेटवरून आगाऊ नोंदणी अशी पद्धति घातली गेली, व व्यवस्थेंत भोंवतालच्या गांवांना स्थान मिळालें. निळगिरीवर आणि कोडाईकनालला मद्रास उच्च न्यायालयाच्या हुकुमावरून ७ मे २०२४ पासून बाहेरच्या वाहनांना इंटरनेटवरून परवाना घेणें भाग पडलें. १ एप्रिल २०२५ पासून निळगिरीसाठीं एरवीं दिवसाला सहा हजार आणि शनिवार-रविवारीं आठ हजार वाहनें अशी सीमा घालण्यांत आली. आपल्या मेळघाटांतही वैशाखी पौर्णिमेच्या रात्रीं पाणवठ्यावरच्या मचाणावर बसण्यासाठीं वनखातें आगाऊ नोंदणी घेतें. जितकीं मचाणें तितकेच पाहुणे. आणि रात्रभर एक शब्द न बोलतां बसून आलेला मनुष्य तो अनुभव पुढें जन्मभर सांगतो. थोडे पाहुणे म्हणजे थोडा आनंद, असें मुळींच नाहीं.

गळती कशी बुजवावी याचाही एक धडा घाटाच्या पायथ्याशींच आहे. परतवाड्याजवळच्या पायविहीर गांवाला २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं आपल्या उजाड रानावर सामूहिक हक्क मिळाला. गांवानें तें रान राखलें, झाडें लावलीं, आणि तेथील सीताफळें मेळघाटचें नांव लावून थेट मुंबईच्या बाजारांत पोंचविलीं. २०१४ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाकडून दिल्या जाणाऱ्या जैवविविधता पुरस्कारानें गांवाचा गौरव झाला. सामायिक मालमत्ता लोक उधळूनच टाकतात, हें जुनें मत एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषीनें १९९० च्या आपल्या ग्रंथांत खोडून काढलें होतें आणि २००९ सालीं त्या संशोधनासाठीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. पायविहिरीनें तेंच शेतांत करून दाखविलें. जें सीताफळाच्या बाबतींत साधलें, तें खोलीच्या, वाटाड्याच्या आणि जेवणाच्या बाबतींत कां साधूं नये? धारणी तालुक्यांतलें हरिसाल २०१६ सालीं देशांतलें पहिलें डिजिटल गांव म्हणून गाजलें. तार गांवांत आली, ती केवळ बाहेरचें पाहण्यासाठीं नव्हे, तर आपलें बाहेर सांगण्यासाठींही वापरली जावी. कोरकू तरुणानें आपल्या घरची खोली, आपली रानवाट, आपली भाषा यांची दवंडी स्वतः पिटली, तर मधली दलाली वांचेल; आणि तो डोंगराची दुसरी बाजूही सांगेल, कारण ती त्याच्या अंगणांतली आहे.

पाहुण्याला ही दुसरी बाजू सांगावी कशी, यावरही मनोरंजक संशोधन झालें आहे. झेवियर फॉन्ट व त्याच्या सहकाऱ्यांनीं इंग्लंडांतल्या पीक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानांतील लहान धंदेवाल्यांची पाहणी २०१७ सालीं प्रसिद्ध केली. हे लोक निसर्गासाठीं जें जें करीत होते, त्यांतलें शेंकडा तीसच ते गिऱ्हाईकाला सांगत. बाकीचें गिळून टाकीत. गिऱ्हाईकाला उपदेश आवडत नाहीं, अशी त्यांना भीति. एकीकडे न केलेल्या पुण्याची जाहिरात करणारे, आणि दुसरीकडे केलेलें पुण्य लपविणारे, असा हा विचित्र बाजार आहे.

परंतु नीट सांगितलें तर पाहुणा ऐकतो. २००८ सालीं गोल्डस्टीन, सियाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिशियस यांनीं अमेरिकेंतल्या एका हॉटेलांत प्रयोग केला. कांहीं खोल्यांत पाटी होती, 'पर्यावरणासाठीं टॉवेल पुन्हां वापरा'. शेंकडा पस्तिसांनीं ऐकलें. कांहीं खोल्यांत लिहिलें, 'येथील बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हां वापरतात'. ऐकणारे चव्वेचाळीस झाले. आणि जेथें लिहिलें, 'या खोलींत राहून गेलेले बहुतेक पाहुणे तसें करतात', तेथें ते एकोणपन्नास झाले. मनुष्य उपदेशाला कान देत नाहीं. शेजाऱ्याच्या वागण्याकडे पाहतो. भीमकुंडावर 'कचरा टाकूं नये' या पाटीऐवजीं 'येथें आलेले बहुतेक लोक आपली बाटली परत नेतात' अशी पाटी लावून पाहावी. मात्र ती खरी असली पाहिजे. तशी ती व्हावी याचा आरंभ सुशिक्षितांनींच केला पाहिजे.

आणि सुशिक्षितांचीच येथें खरी कसोटी आहे. जुव्हान आणि डॉल्निचार या अभ्यासकांनीं २०१४ सालीं निसर्गरक्षणाच्या चळवळींत काम करणाऱ्या मंडळींनाच विचारलें कीं सुटींत तुम्ही कसे वागतां? घरीं दिवा मालविणारे हे लोकही सुटींत सगळे नियम गुंडाळून ठेवीत, आणि त्यासाठीं त्यांच्यापाशीं सबबी तयार असत. माझ्या एकट्यानें काय होतें. दुसरे याहून वाईट वागतात. हें सरकारचें काम आहे. वर्षांतून एकदांच तर जातों. या सबबी परदेशांतल्या आहेत खऱ्या. पण त्या ऐकतांना परतवाड्याच्या घाटांतल्या मोटारींतलाच संवाद ऐकतों आहोंत असें वाटतें. जगांतील प्रवासानें वातावरणांत जाणारा धूर एकूण धुराच्या सुमारें आठ टक्के आहे, असा हिशेब २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. तो वर्षांतून एकदांच जाणाऱ्या अशा असंख्य माणसांचाच धूर आहे.

कुटुंबाला यांतून घेण्याजोगें फार अवघड नाहीं. शनिवार-रविवार टाळून मधल्या वारीं जावें; गर्दी हलकी होते आणि रिकाम्या दिवसांत गांवाला काम मिळतें. एक रात्र राहावयाचें तेथें दोन रात्री राहावें. पेट्रोल तेंच, पण डोंगरावर राहणारा पैसा दुप्पट. खोली इंटरनेटवर पाहावी, परंतु ठरवितांना शक्य तर मालकाशीं थेट बोलावें, आणि मालक गांवचा आहे का तें विचारावें. माकडांना खाऊं घालूं नये. भीक मागावयास शिकलेलें माकड रान विसरतें. पाणी घरच्यापेक्षां कमी वापरावें, कारण तें कोणाच्या तरी वाट्याचें आहे. परत आल्यावर अभिप्राय अवश्य लिहावा, पण मामांसारखा लिहावा: धबधबाही सांगावा आणि रांगही सांगावी, कणसें भाजणाऱ्या बाईच्या हाताची चवही सांगावी.

घाटाच्या वळणावर उतरलेला तो तरुण पुढच्या श्रावणांतही उतरेल, आणि मोबाईल उंच धरील. त्याला थांबविण्याचें कारण नाहीं; आपला डोंगर आवडणें हा गुन्हा नव्हे. मात्र चित्र टिपून झाल्यावर त्यानें एकदां मागें वळून दरीकडे तोंड करावें. तेथें धुक्याखालीं साग उभा आहे, त्या सागाच्या नांवाची नदी वाहते आहे, आणि नदीकांठीं एक गांव पावसाळा सरल्यावर बिऱ्हाड बांधावें कीं न बांधावें याचा विचार करीत आहे. त्या गांवाला घरीं थांबतां आलें, तर चिखलदऱ्याची दवंडी सत्कारणीं लागली असें म्हणतां येईल.